ताऱ्यांना साक्षीला का बोलावता?

बालभारतीच्या आठवीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात शेवटचा धडा आहे, ‘ताऱ्यांची जीवनयात्रा’. शेवटच्या धड्याचं जे व्हायचं तेच त्याचं होतं. मार्च उजाडतो, परीक्षेची घाई सुरू होते आणि ‘हा घरी वाचून या’ म्हणून पुस्तक मिटलं जातं. मराठी माध्यमात हे घडतं, उर्दू माध्यमातही घडतं. पण आपल्या मुलांकडे हा विषय दुसऱ्या वाटेने आधीच पोहोचलेला असतो. व्हॉट्सॲपच्या.

तो व्हिडिओ तुम्हालाही आला असेल. काळ्या आकाशात एक निळा गोळा गरगर फिरतो, मागे टक्-टक् आवाज येतो आणि निवेदक भारावलेल्या आवाजात सांगतो की सूरह तारिकमध्ये ज्या ताऱ्याची शपथ आहे तो हाच ‘पल्सार’. तारिक म्हणजे ठोठावणारा. ऐका, तो ठोठावतो आहे! खाली सुभानअल्लाहची रांग. पाठवणाऱ्याच्या नियतीबद्दल मला शंका नाही. माझा आक्षेप असा आहे की या व्हिडिओने दीनचंही भलं होत नाही आणि इल्मचंही.

पल्सार म्हणजे काय, हे आधी नीट पाहू. सूर्याच्या आठपटीहून जास्त वस्तुमानाचा तारा आयुष्यभर आपल्या पोटात हलक्या मूलद्रव्यांपासून जड मूलद्रव्यं घडवत जातो. हायड्रोजनपासून हेलियम, मग कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन, शेवटी लोह. लोहापाशी गाडी अडते. लोहाचं मीलन घडवायचं तर ऊर्जा मिळत नाही, उलट खर्ची पडते. आतून बाहेर ढकलणारा दाब संपला की गुरुत्वाकर्षणाला अडवणारं कोणी उरत नाही. कोट्यवधी वर्षं उभा असलेला तो गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो. बाहेरचे थर स्फोटात उधळले जातात आणि मागे उरतो सुमारे वीस किलोमीटर व्यासाचा न्यूट्रॉन तारा. वस्तुमान सूर्याहून जास्त, आकार एखाद्या शहराएवढा. त्यातला चमचाभर पदार्थ शंभर कोटी टनांहून जड भरेल. हा गोळा भिरभिरतो आणि त्याचा रेडिओ लहरींचा झोत दीपगृहासारखा ठरावीक वेळाने आपल्यावरून फिरून जातो. तो पल्सार. अवकाशाच्या पोकळीत आवाज नसतो. व्हिडिओतली टक्-टक् ही रेडिओ संकेत स्पीकरला जोडून माणसाने बनवलेली आहे.

असा पहिला पल्सार 1967 साली केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला सापडला. तिची दुर्बीण रोज जवळपास शंभर फूट कागदावर रेघोट्या काढायची आणि ती हा कागद डोळ्यांनी तपासायची. त्यात तिला एक बारीक खूण दिसली, जी इतर कशाशीच जुळत नव्हती. ठोके दर 1.33 सेकंदांनी, घड्याळासारखे नेमके. ती खूण दुसऱ्या कोणी गडबड म्हणून सोडून दिली असती. 1974 चं नोबेल मात्र तिच्या मार्गदर्शकाला मिळालं. आठवीच्या वर्गात मुलींना सांगण्यासारखी गोष्ट असेल तर ती ही आहे, आणि व्हिडिओत नेमकी तीच नाही.

आता दीनकडे येऊ. सूरह तारिक ज्यांनी पहिल्यांदा ऐकली ते वाळवंटात रात्रीचा प्रवास करणारे लोक होते. तारिक म्हणजे रात्री येणारा, रात्री येऊन दार वाजवणारा पाहुणा. त्यांनी मान वर केली की डोक्यावर तारा होता आणि आयत त्यांच्या काळजात उतरली. तिचा खरा अर्थ 1967 मध्येच कळला असं आपण म्हणतो, तेव्हा त्या सहाबींना आणि त्यानंतरच्या सगळ्या मुफस्सिरांना ती समजलीच नाही असं म्हणत असतो. आणि उद्या न्यूट्रॉन ताऱ्याबद्दलचं एखादं मत बदललं तर? विज्ञानाचा धंदाच मत बदलण्याचा आहे. त्याच्या खांद्यावर ईमान टेकवून ठेवायचं कशाला?

प्रेषित मुहम्मद (स.) यांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागलं, ही हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. लोक म्हणू लागले, इब्राहीमच्या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला. यापेक्षा मोठा ‘चमत्कार’ कोणता मिळणार होता! प्रेषितांनी तो नाकारला. सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरणाने किंवा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही, असं त्यांनी स्वतःच्या दुःखाच्या दिवशी सांगितलं. आकाशाला आपल्या बाजूने साक्षीला बोलावायचं नाही, हे तिथेच ठरलं आहे असं मी समजते.

पुराणात विमानं होती असं कोणी म्हणालं की आपण हसतो. हसून झालं की मोबाइल उचलून आपला व्हिडिओ पुढे पाठवतो.

दुसरा प्रकार अभिमानाचा. ‘ताऱ्यांची नावं आमची आहेत.’ हे मात्र खरं आहे, आणि उर्दू शिकवणारीला तर यात मजाच येते. मराठीत ज्याला आपण रोहिणी म्हणतो तो इंग्रजीत अल्डेबरान, म्हणजे अरबी अद-दबरान, मागून येणारा. कोणाच्या मागून? सुरैयाच्या, म्हणजे आपल्या कृत्तिकांच्या. आपल्याकडे सुरैया नावाच्या मुली खूप, पण त्यातल्या किती जणींना कोणी आकाशातली सुरैया दाखवली असेल? मृगातला तांबडा काक्षी घ्या. इंग्रजीत बीटलज्यूस. मूळ अरबी ‘यद-अल-जौज़ा’, जौज़ाचा हात. लॅटिनमध्ये उतरवताना कोणीतरी ‘ये’च्या दोन नुक्त्यांऐवजी एकच वाचला, ‘ये’चा ‘बे’ झाला आणि जगभर तेच नाव रूढ झालं. नुक्त्याने खुदाचा जुदा होतो, हे आम्ही पहिलीपासून शिकवतो. इथे तर अख्ख्या ताऱ्याचं नाव बदललं.

पण नाव देणं हे काम नव्हतं, काम होतं पाहणं. अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी 964 च्या सुमारास ताऱ्यांचं पुस्तक लिहिलं. त्यांच्यापुढे टॉलेमीची यादी होती, आठशे वर्षांची, सर्वमान्य. त्यांनी ती नुसती उतरवून काढली नाही. तारे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तेज पुन्हा तोललं, जिथे टॉलेमी चुकला तिथे तसं लिहिलं. देवयानीतल्या एका धूसर ‘लहान ढगा’ची नोंद त्यांच्या पुस्तकात आहे. तो ढग म्हणजे पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची दुसरी आकाशगंगा, हे कळायला विसावं शतक यावं लागलं. अस-सूफींना ते माहीत नव्हतं आणि त्यांनी माहीत असल्याचा आवही आणला नाही. दिसलं तेवढं लिहिलं.

अली इब्न रिदवान यांचं उदाहरण तर मला अधिक आवडतं, कारण ते पूर्ण गोजिरं नाही. 1006 साली इजिप्तमध्ये, शिकण्याच्या वयात, त्यांनी आकाशात एक नवा तारा पाहिला. शुक्राच्या अडीच-तीन पट मोठा दिसणारा. त्यावरून त्यांनी दुष्काळ आणि साथींचा फलादेश काढला, तो आज कोणी वाचत नाही. पण तारा दिसला तेव्हा सूर्य, चंद्र आणि ग्रह कुठे होते हेही त्यांनी लिहून ठेवलं, आणि ती नोंद हजार वर्षांनी कामाला आली. चीन-जपानच्या नोंदींशी ती जुळवता आली. पुढे त्या जागी स्फोटाचे अवशेष रेडिओ दुर्बिणीत सापडले. तो एका श्वेत बटूचा, म्हणजे विझत चाललेल्या ताऱ्याच्या गाभ्याचा स्फोट होता. हा गाभा सूर्याच्या सुमारे 1.4 पटींहून जड झाला तर तग धरू शकत नाही, हे गणित मांडलं लाहोरात जन्मलेल्या चंद्रशेखर यांनी. तेही 1930 मध्ये, बोटीने इंग्लंडला जाताना, विशीच्या आत.

इथे कोणाचा वारसा कोणाचा, हे वेगळं काढताच येत नाही. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या गरीब घरातले मेघनाद साहा 1920 मध्ये तापलेल्या वायूचं एक समीकरण देतात. ते वापरून 1925 मध्ये सिसिलिया पेन ही तरुणी दाखवते की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. मोठे प्राध्यापक तिला सांगतात, हे अशक्य आहे. ती प्रबंधात तसं कबूल करून टाकते, आणि चार वर्षांत तेच प्राध्यापक तिचं बरोबर होतं असं लिहितात. या साखळीत अस-सूफी आहेत, इब्न रिदवान आहेत. आपण त्यांचे वारस आहोत की नुसते त्यांची नावं घेणारे, हे आपल्या शाळेतल्या प्रयोगशाळेच्या कपाटाला किती वर्षांचं कुलूप आहे त्यावरून ठरेल.

ताऱ्याचा जन्म पाहायलाही फार लांब जावं लागत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी मृग पूर्वेला वर आला की तीन तारांच्या बाणाखाली एक धुरकट ठिपका दिसतो. गच्चीवरून, साध्या दुर्बिणीतूनही. ते साडेतेराशे प्रकाशवर्षांवरचं वायू-धुळीचं कारखानाघर आहे. तिथला वायू स्वतःच्याच ओढीने आकसतो, तापतो, गाभा सुमारे एक कोटी अंशांवर गेला की हायड्रोजनचं हेलियम होऊ लागतं आणि तारा पेटतो. आपला सूर्य असाच 460 कोटी वर्षांपूर्वी पेटला आणि अजून साधारण 500 कोटी वर्षं पुरेल. जो तारा जितका मोठा, तो तितका उधळ्या आणि अल्पायुषी. वरचा काक्षी सूर्याच्या पंधरा-वीस पट जड असून म्हातारा झाला आहे. 2019 च्या अखेरीस तो एवढा मंदावला की आता फुटतो की काय अशी चर्चा झाली. पाहणी झाली तेव्हा कळलं, त्यानेच बाहेर टाकलेली धूळ आड आली होती. फुटेल तो, पण एखाद्या लाख वर्षांत कधीतरी.

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी उभ्या आहेत. त्या इतर कामांबरोबर पल्सारही ऐकतात. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं, शाळा आपापले प्रयोग घेऊन जातात. आपल्या जलशांना आणि सहलींना बस मिळते, तशी याही दिवशी मिळू शकते. नोंदणीची चौकशी जानेवारीतच करावी लागते, आणि जाण्याआधी तो शेवटचा धडा वर्गात शिकवून झालेला असावा लागतो.