बँकेच्या भिंती

बँकेची इमारत मी लांबूनच ओळखतो. छत्तीस वर्षं बँकेत काढल्यावर माणसाला तेवढं तरी यावं. अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्यात, सावलीला झाड नाही अशा वाळवंटात, छप्पर उडालेला एक तीन मजली सांगाडा दिसला, तेव्हा मुलाने काही सांगायच्या आत मी म्हणालो, ‘‘ही बँक असणार.’’ ती बँकच निघाली. जॉन एस. कुक आणि कंपनीची बँक, १९०८ सालची. गावाचं नाव ऱ्हायोलाइट. गाव म्हणायचं एवढंच, कारण त्यात आज कोणी नांदत नाही.

निवृत्तीच्या वर्षी, २०१९ च्या नोव्हेंबरात, आम्ही दोघं मुलाकडे लॉस एंजेलिसला गेलो होतो. त्याच्या मित्रमंडळींचा एक कंपू आहे. शनिवार-रविवार आला की फोर-व्हील ड्राइव्हच्या गाड्या काढायच्या आणि डांबर संपतं तिथून पुढे जायचं. या खेपेला पाच गाड्या होत्या. तीन मराठी कुटुंबं, बाकी तिकडचे लोक. म्होरक्या होता एक निवृत्त इलेक्ट्रिशियन, माझ्याच वयाचा. गावाबाहेर मोकळ्या सरकारी जमिनीवर आमचे तंबू पडले. रात्री स्टोव्हवर पिठलं शिजलं आणि त्या गृहस्थाने ते दोनदा मागून घेतलं.

त्याची शिस्त मात्र कडक. आखलेली वाट सोडून चाक बाहेर घालायचं नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, जनरल पॅटनच्या फौजेने याच मोहावी वाळवंटात रणगाड्यांचा सराव केला. त्या रणगाड्यांचे माग अजून जमिनीवर दिसतात, असं त्याने सांगितलं. वाळवंट काही विसरत नाही. दुसरा नियम, काही उचलायचं नाही. गंजका डबा सापडला तरी बघून जागच्या जागी ठेवायचा. तिसरा, आपला कचरा आपल्याबरोबर घरी. आपल्याकडच्या गडांच्या तटावर कोरलेली बदामं आणि बाण आठवून मी गप्प राहिलो.

आणखी एक गंमत पाहिली. खडकाळ वाटेला लागण्याआधी सगळ्यांनी टायरमधली हवा सोडली. मऊ टायर दगडाला धरून चालतो, टच्च फुगलेला उडतो आणि फाटतो. मी मुलाला म्हटलं, ‘‘आमच्या धंद्यातही हे कुणीतरी शिकवायला हवं होतं.’’ तो हसला. मी विनोद केला नव्हता.

ऱ्हायोलाइटची हकिगत थोडक्यात अशी. १९०४ मध्ये शॉर्टी हॅरिस आणि एड क्रॉस या दोघांना इथल्या डोंगरात सोनं सापडलं. पुढच्याच वर्षी गाव आखलं गेलं. तीन-चार वर्षांत वस्ती काही हजारांवर गेली. वीज आली, बर्फाचा कारखाना आला, इस्पितळ आलं, शेअर बाजार आला. तीन रेल्वे कंपन्या गावाला जोडल्या गेल्या. टॉम केली नावाच्या माणसाने दारूच्या सुमारे पन्नास हजार बाटल्या रचून घर बांधलं, कारण लाकूड दुर्मीळ होतं आणि बाटल्यांना तोटा नव्हता. ते घर अजून उभं आहे. बँकेच्या इमारतीवर नव्वद हजार डॉलर खर्च झाले. जिने इटालियन संगमरवराचे, काचा रंगीत.

१९०७ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये बँकांची दाणादाण उडाली आणि खाणींकडे वाहणारा पैसा आटला. १९०८ मध्ये एका तज्ज्ञाने इथली मुख्य खाण तपासून सांगितलं की तिची किंमत फुगवलेली आहे. शेअर कोसळले. १९१० पर्यंत गावातल्या बँका बंद झाल्या, १९११ मध्ये खाण बंद झाली, १९१६ मध्ये वीज तोडली. लोकांनी जाताना घरंसुद्धा नेली. इथलं बरंच बांधकामाचं सामान शेजारच्या बीटी गावात गेलं. ज्या वर्षी बँकेची इमारत उभी राहिली, त्याच वर्षी गावाचा पाया खचत होता. शाळा तर १९०९ साली पुरी झाली, अडीचशे मुलांसाठी. तिच्या भिंतीही पाहिल्या. त्या शाळेत बाकं कधी भरलीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी टायटस कॅन्यनच्या एकेरी कच्च्या रस्त्याने डेथ व्हॅलीकडे उतरलो. वाटेत लेडफिल्ड लागलं. तिथे शिसं निघणार म्हणून १९२६ मध्ये सी. सी. ज्युलियन या प्रवर्तकाने जाहिराती करून शेअर विकले. ऑगस्टमध्ये पोस्ट ऑफिस उघडलं, पुढच्या जानेवारीत बंद झालं. पत्र्याच्या दोन-चार खोल्या उरल्यात. ज्या रस्त्याने आम्ही हौसेने गाड्या चालवत होतो, तो या फसलेल्या खाणीसाठीच खोदलेला.

मंडळी फोटो काढत होती. माझं मन मात्र दुसऱ्याच ओसाडीत गेलं होतं.

२००९ ते २०१२ या काळात मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शाखेचा मॅनेजर होतो. त्या दिवसांत इमूपालनाची लाट आली होती. हे शहामृगाच्या जातीचे पक्षी. तेल औषधी, कातडं महाग, मांस पौष्टिक, अंड्याला भाव. कंपनी जोड्या देणार, कंपनीच अंडी-पिल्लं विकत घेणार. प्रोजेक्ट रिपोर्ट गुळगुळीत कागदावर छापलेला. मी अकरा कर्जं मंजूर केली. तारण चोख, सातबारा स्वच्छ, कागदपत्रं पुरी. तपासणी अधिकाऱ्याने शाखेला शेराही चांगला दिला.

त्या अकरा फायलींपैकी एकीतही शेवटच्या गिऱ्हाइकाचं नाव नव्हतं. तेल कोण घेणार, मांस कोण खाणार, हे मी विचारलं नाही. पिल्लं विकत घेत होता तो पुढचा इमूपालक. त्याचीही पिल्लं त्याच्या पुढच्याने घ्यायची. रांगेत नवा माणूस उभा राहायचा थांबला आणि २०१२ मध्ये सगळं बसलं. कंपनीच्या कार्यालयाला कुलूप लागलं. खाद्याचा खर्च झेपेना म्हणून आमच्या तालुक्यात काहींनी पक्षी रानात सोडून दिले. वसुलीला मीच गेलो. मंजुरीच्या वेळी चहा ज्या पडवीत घेतला होता, त्याच पडवीत.

अमेरिकेहून परतल्यावर त्या अकरांपैकी एकाला मुद्दाम जाऊन भेटलो. जाळीचे कठडे अजून तसेच होते, आत कोंबड्या. जमीन त्याने राखली होती, पण त्यासाठी तुकडा विकावा लागला होता आणि थोरल्या मुलाचं शिक्षण थांबलं होतं. मी त्याला ऱ्हायोलाइटचं सांगितलं, बँकेचा फोटो दाखवला. त्याने फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाला, ‘‘साहेब, ती माणसं बरी. घरं मोडून घेऊन निघून गेली. आम्ही कुठं जायचं?’’

मला यावर उत्तर नव्हतं आणि आजही नाही. पण त्या वाक्याने एक गोष्ट कळली. ऱ्हायोलाइटला आपण ओसाड गाव म्हणतो, कारण तिथलं ओसाडपण दिसतं. त्याचे फोटो निघतात, तिथे तंबू पडतात. खाणीची माणसं पोटामागे आली होती, पोटामागेच गेली. आपला शेतकरी असा जात नाही. त्याच्या घरात दिवा लागतो, दारात रांगोळी असते. गाव नांदतं दिसतं, आणि खातं आतून रिकामं असतं. अशा ओसाडीला ना कुंपण, ना माहितीचा फलक.

लाट येणं कुणाच्या हातात नसतं. उद्या ती दुसऱ्या पक्ष्याची येईल, दुसऱ्या पिकाची येईल, मोबाइलवरून येईल. सोनं तर ऱ्हायोलाइटला खरंच निघालं होतं, लाखो डॉलरचं. खोटी होती ती त्याची किंमत. म्हणून कागद पुरे आहेत की नाहीत, एवढं बघून बँकेच्या माणसाचं काम संपत नाही. शेवटचं गिऱ्हाईक कोण, हे विचारणं आणि उत्तर मिळालं नाही तर सही न करणं, हे खरं काम. नकाराने माणूस चार दिवस रागावतो. चुकीच्या मंजुरीने त्याच्या मुलाची शाळा सुटते. मी नकार द्यायला हवा होता. वरून टार्गेट होतं हे खरं, पण पेन माझ्या हातात होतं.

त्या सहलीत आम्ही निघालो तेव्हा म्होरक्याने तंबूंची जागा दोनदा फिरून पाहिली. दोन दिवसांच्या पाहुण्यांनी मागे काही ठेवलंय का, ते बघत होता. मी बदली होऊन शाखा सोडली, तेव्हा सत्कार झाला, हार-नारळ झाला. मागे वळून जागा मात्र पाहिली नाही. ती पाहायला सात वर्षं लागली, आणि त्यासाठी आधी दुसऱ्याच देशातल्या एका पडक्या बँकेसमोर उभं राहावं लागलं.