थडग्यापाशी थांबलेले वैर

स्टुटगार्ट हे नाव आपल्याकडे माहीत असते ते मर्सिडीज गाड्यांमुळे. मुंबईकरांचे तर या जर्मन शहराशी नातेही आहे. 1968 पासून मुंबई आणि स्टुटगार्ट या भगिनी-नगरी आहेत. या शहराचा कारभार 1974 ते 1996 अशी बावीस वर्षे एकाच माणसाने पाहिला. त्याचे नाव मान्फ्रेड रोमेल. महापौराच्या कारकिर्दीचा हिशेब आपण सहसा रस्ते, पूल आणि पाणीपुरवठा यांवरून मांडतो. रोमेल यांचा हिशेब मात्र मला एका दफनभूमीपासून सुरू करावासा वाटतो.

1977 चे ते वर्ष पश्चिम जर्मनीला हादरवून सोडणारे होते. ‘रेड आर्मी फॅक्शन’ या अतिडाव्या दहशतवादी संघटनेने 5 सप्टेंबरला उद्योगपतींच्या संघटनेचे अध्यक्ष हान्स मार्टिन श्लायर यांचे अपहरण केले. संघटनेचे म्होरके स्टुटगार्टच्याच श्टामहाइम तुरुंगात होते. त्यांची सुटका ही अपहरणकर्त्यांची मागणी होती. पुढे लुफ्तान्साचे एक विमानही पळवले गेले. 18 ऑक्टोबरच्या पहाटे जर्मन कमांडोंनी मोगादिशूच्या विमानतळावर प्रवाशांना सोडवले आणि त्याच सकाळी आंद्रेआस बाडर, गुड्रुन एन्सलीन व यान-कार्ल रास्प हे तिघे तुरुंगातल्या घटनेनंतर मरण पावल्याचे जाहीर झाले. चौकशीचा अधिकृत निष्कर्ष आत्महत्येचा होता. दुसऱ्या दिवशी श्लायर यांचा मृतदेह एका मोटारीच्या डिकीत सापडला.

आता प्रश्न आला, या तिघांना पुरायचे कुठे? एन्सलीनच्या घरच्यांची इच्छा होती की तिघांना एकत्र मूठमाती मिळावी. शहरात संतापाची लाट होती. श्लायर यांचे कुटुंब स्टुटगार्टचेच, त्यांचे अंत्यसंस्कारही तिथेच व्हायचे होते. अशा वेळी त्यांच्या मारेकऱ्यांच्या म्होरक्यांना शहराच्या दफनभूमीत जागा द्यायची, ही कल्पनाच लोकांना सहन होत नव्हती. रोमेल यांचा स्वतःचा ख्रिस्ती लोकशाही पक्ष तर कायदा-सुव्यवस्थेचा कैवारी. तरीही रोमेल यांनी परवानगी दिली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की कुठेतरी वैर संपले पाहिजे आणि माझ्यापुरते ते मृत्यूपाशी संपते. 27 ऑक्टोबरला डोर्नहाल्डेन दफनभूमीत तिघांचे दफन झाले. रावणाचे अंत्यसंस्कार करायला कचरणाऱ्या बिभीषणाला रामाने समजावले, त्या प्रसंगाची आठवण आपल्याला व्हावी असेच हे आहे.

हे धैर्य आले कुठून? उत्तर शोधताना मी नेहमी मागे, 1944 पर्यंत जातो. मान्फ्रेड हा फील्ड मार्शल एर्विन रोमेल यांचा एकुलता एक मुलगा. हिटलरविरोधी कटाशी संबंध असल्याच्या संशयावरून 14 ऑक्टोबर 1944 रोजी दोन सेनाधिकारी रोमेल यांच्या घरी आले. पर्याय दोन होते: खटला, किंवा विष. विष घेतले तर कुटुंबाला हात लागणार नव्हता. वडिलांनी पंधरा वर्षांच्या मुलाला जवळ बोलावून, आपण पाव तासात मरणार आहोत, असे सांगितले आणि ते त्या मोटारीत बसून निघून गेले. सरकारने मृत्यू जखमांमुळे झाल्याचे जाहीर करून 18 ऑक्टोबरला उल्म येथे इतमामाने अंत्ययात्रा काढली. ज्या राजवटीने मारले, तिनेच पुष्पचक्रे वाहिली. युद्धाच्या अखेरीस फ्रेंचांच्या ताब्यात सापडल्यावर मुलाने खरी हकिगत सांगितली. मेलेल्या माणसाच्या देहाचा सत्तेने केलेला वापर ज्याने इतक्या जवळून पाहिला, त्याने पुढे सत्ता हाती आल्यावर तसा वापर होऊ दिला नाही, अशी माझी समजूत आहे. पुढे वडिलांच्या दोन शत्रुसेनानींच्या, माँटगोमेरी आणि पॅटन यांच्या मुलांशी त्यांची घट्ट मैत्री झाली, हेही याच स्वभावाला धरून होते.

या निर्णयानंतर राजकारणाचा कौल आणि मतदारांचा कौल वेगवेगळे लागले. 1978 मध्ये राज्याचे मुख्यमंत्री हान्स फिल्बिंगर यांना नाझी काळातील न्यायाधीश म्हणून केलेल्या कामामुळे पद सोडावे लागले. वारसदार निवडताना पक्षाच्या आमदारांनी रोमेल यांना डावलून लोथार श्पेट यांना पसंती दिली. स्टुटगार्टच्या नागरिकांनी मात्र 1974 मध्ये सुमारे 59 टक्के मते देऊन निवडलेल्या या महापौराला 1982 मध्ये जवळजवळ 70 टक्के मते दिली. 1989 मध्ये आफ्रिकेतून आलेल्या एका आश्रयार्थीने शहरात दोन पोलिसांचा खून केला, तेव्हाही एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या परदेशी माणसांना जबाबदार धरू नका, असे रोमेल यांनी बजावले. पुन्हा रोष ओढवला. 1990 च्या निवडणुकीत त्यांची मते 71 टक्क्यांवर गेली.

मतदार चंचल असतो, असे आपण म्हणतो. इथे तर तो नेत्यापेक्षा अधिक सोशिक निघाला. याला तिथल्या व्यवस्थेचाही हातभार आहे. त्या राज्यात महापौराला नागरिक थेट निवडतात, मुदत आठ वर्षांची असते आणि प्रशासनाची सूत्रेही त्याच्याच हाती असतात. आज अप्रिय झालेल्या माणसाला आपले म्हणणे पटवून द्यायला वेळ मिळतो. आपल्या मुंबईत महापौर नगरसेवक निवडतात आणि 1888 च्या कायद्यानुसार कारभाराच्या किल्ल्या आयुक्तांकडे असतात. श्रेय कोणाचे आणि दोष कोणाचा, हे आपल्या नागरिकाला कधी नीट कळतच नाही.

दीर्घ कारकिर्दीला दुसरी बाजूही असते. रोमेल यांनी काटकसरीने शहराचे कर्ज कमी केले, पण रेल्वे स्थानक जमिनीखाली नेणाऱ्या ‘स्टुटगार्ट 21’ प्रकल्पाच्या 1995 च्या करारावर सहीसुद्धा त्यांच्याच काळात झाली. पुढे 2010 मध्ये त्याच प्रकल्पावरून शहर रस्त्यावर उतरले आणि पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले. लोकांना विश्वासात घेण्याची कला एका माणसाबरोबर निवृत्त होते, की काय, असे तेव्हा वाटून गेले.

वयोमर्यादेमुळे 1996 च्या अखेरीस रोमेल निवृत्त झाले. पार्किन्सनशी झगडत, विनोद न सोडता ते 2013 पर्यंत जगले. पुढच्याच वर्षी शहराच्या विमानतळाला त्यांचे नाव देण्यात आले. तिथे उतरणाऱ्या प्रवाशांतल्या अनेकांना हे नाव वडिलांचे वाटत असेल. पण शहराने गौरव केला तो रणांगण गाजवणाऱ्या बापाचा नव्हे, तीन थडग्यांना जागा देऊन शिव्या खाणाऱ्या मुलाचा. लोकांच्या रागाची लाट ओसरल्यावर काय उरेल, याचा विचार त्या लाटेतच करणारा माणूस शहराच्या प्रमुखपदी असणे ही मोठी गोष्ट आहे. आपल्या शहरांसाठी तसा माणूस शोधायचा, तर आधी त्याला चार शिव्या खाऊनही टिकू देण्याची आपली तयारी हवी.