उद्धार कोणाचा? वसुलीदाराचा की ऋणकोचा?

पुण्याच्या महात्मा फुले मंडईला जुने कार्यकर्ते ‘मंडई विद्यापीठ’ म्हणत आले आहेत, कारण भाजीच्या भावाबरोबर राजकीय मतांचीही घासाघीस तेथे होत असे. त्या परंपरेला धरूनच चळवळीतील काही तरुण साथींनी मंडईतल्या चहाच्या टपरीवर अलीकडे एक मत आग्रहाने मांडले. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा व्हिडिओ गेम म्हणजे भांडवलशाहीवरील आजची सर्वांत प्रभावी टीका आहे, असे ते मत. मला ते मान्य नाही. का मान्य नाही, हे सांगणे अगत्याचे वाटते. कारण प्रश्न खेळाचा नसून शोषणाकडे कोणाच्या डोळ्यांनी पाहायचे हा आहे.

खेळाचे नाव काढताच नाक मुरडणाऱ्या ज्येष्ठ साथींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रॉकस्टार गेम्स या अमेरिकन कंपनीने ऑक्टोबर २०१८ मध्ये हा खेळ बाजारात आणला आणि पहिल्या तीन दिवसांतच त्याची विक्री ७२.५ कोटी डॉलरपर्यंत गेली. इतक्या लोकांच्या मनापर्यंत जी कथा पोहोचते, तिची चिकित्सा न करणे म्हणजे मैदान सोडून देणे होय.

कथेचा काळ १८९९ चा. अमेरिकेच्या पश्चिमेकडील बंदूकबाज टोळ्यांचे दिवस संपत आले आहेत. आर्थर मॉर्गन हा अशाच एका टोळीतला गडी. खेळाडूने त्याच्या रूपाने विस्तीर्ण मुलखात मनसोक्त भटकावे, शिकार करावी, मासे धरावेत, वाटसरूला मदत करावी नाहीतर लुटावे. परंतु कथा पुढे सरकते ती ‘मिशन’ पूर्ण केल्यानेच. आणि मिशनमध्ये ठरवून दिलेली वाट सोडली की ते फसल्याचे जाहीर होते. मुलूख मोकळा, मिशन मात्र बंदिस्त!

यांतील एक मिशन आपल्या विषयाच्या दृष्टीने कळीचे आहे. टोळीचा हिशेबनीस स्ट्रॉस नाडलेल्या माणसांना व्याजाने पैसे देतो आणि वसुलीला आर्थरला धाडतो. थॉमस डाऊन्स हा आजारी शेतकरी त्या यादीत आहे. त्याच्याकडे पैसे नाहीत. खेळाडूला कितीही वाटले तरी त्याला सोडून देण्याची सोय येथे नाही. कथा पुढे न्यायची तर त्याच्यावर हात उचलावाच लागतो. मार खाताना डाऊन्स रक्त ओकतो आणि त्याचा क्षय आर्थरला जडतो. पुढे डाऊन्स मरतो, विधवा घरदार विकायला काढते आणि नवऱ्याचे कर्ज फेडते. स्वतःचा मृत्यू समोर दिसू लागल्यावर आर्थरला पश्चात्ताप होतो. तो स्ट्रॉसला तळावरून हाकलतो आणि त्या विधवेला व तिच्या मुलाला मदतीचा हात देतो.

कथा प्रभावी आहे यात शंका नाही. दरोड्याइतकीच सावकाराची वहीही हिंस्र असते, हे ती जाणते. नफ्यासाठी काढलेल्या खेळाने सावकारीला पाप म्हणावे, ही गोष्टही थोडी नव्हे. माझ्या तरुण मित्रांचा मुद्दा येथवर मान्य करायला हवा. आक्षेप आहे तो यापुढील गोष्टीला.

खेळाच्या नावातील ‘रिडेम्प्शन’ या इंग्रजी शब्दाला दोन अर्थ आहेत. एक धर्मातला : पापापासून उद्धार. दुसरा कायद्यातला : गहाण सोडवून घेणे. खेळाने पहिला अर्थ उचलला आणि दुसरा वाऱ्यावर सोडला. उद्धार होतो तो वसुलीदाराचा. ऋणको विनवतो, मार खातो, मरतो. त्याच्या मरणाचा उपयोग एवढाच की मारणाऱ्याचे अंतःकरण जागे व्हावे! त्या मुलखातील ऋणकोंनी एकत्र येऊन स्ट्रॉसची वही मागितली आहे, असा प्रसंग ही कथा रंगवत नाही.

असा प्रसंग प्रत्यक्षात घडला आहे, आणि तोही आपल्याच पुणे जिल्ह्यात. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांकडे खतपत्रे व वह्या मागितल्या. मिळाल्या त्या जाळल्या. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. कारणांच्या तपशिलाबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. पण वाढवलेला सारा, अमेरिकन यादवी १८६५ मध्ये संपल्यावर ओसरलेली कापसाची तेजी आणि आखडलेली पत यांचा विचार त्यात करावाच लागतो. शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः कागदावर होता, हे विशेष. कोर्टात आपल्याविरुद्ध बोलतो तो हा कागदच, हे निरक्षर शेतकऱ्याला पक्के ठाऊक होते.

परिणाम काय झाला? सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला. खतावर लिहिलेल्या आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याची प्रथा या जिल्ह्यांत बंद झाली. कायदा अपुराच होता. सावकारी त्याने संपली नाही, हे जोतीराव फुल्यांच्या १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’वरूनही उमजते. तरीही तो कोण्या सावकाराच्या पश्चात्तापातून निघालेला नव्हता.

ज्या मंडईला आज फुल्यांचे नाव आहे, तिच्या उभारणीच्या खर्चाला नगरपालिकेत असताना त्यांनीच विरोध केला होता. वास्तूची शोभा आधी की कष्टकऱ्याची गरज आधी, हा त्यांचा प्रश्न आजही मंडईच्या दारात उभा आहे. सकाळी माल उचलण्यासाठी उसने घ्यायचे आणि संध्याकाळी व्याजासह परत करायचे, या चक्रात भाजी विकणारी बाई सापडते. केंद्र सरकारने २०२० मध्ये फेरीवाल्यांसाठी १०,००० रुपयांच्या पहिल्या कर्जाची योजना काढली, हीच या गरजेची कबुली होय. तिच्या मुलाच्या हातातील मोबाईलवर झटपट कर्ज देणारी ॲप आहेत. वसुलीसाठी आता घोड्यावर बसण्याची गरज उरलेली नाही. नातेवाइकांचे फोन नंबर हाती आले की पुरे. या छळाच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेला अशा कर्जांसाठी नियम घालावे लागले.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? खेळावर बंदी मागू नये; ती पळवाट ठरेल. तरुणांनी तो जरूर खेळावा, आणि डाऊन्सचे मिशन पूर्ण झाल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारावा : या कथेत ऋणको केव्हा बोलला? त्यानंतर मंडईत यावे. बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या हमालांनी पंचायत बांधली, आणि १९६९ च्या माथाडी कायद्याने अंगमेहनतीच्या कामाला संरक्षण दिले. पाठीवर पोते वाहणारा संघटित होऊ शकतो, तर हातगाडीवाली का नाही? रोजच्या व्याजाची यादी करावी. देणाऱ्याकडे परवाना आहे का, हे तपासावे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखाली सहकार खात्याच्या निबंधकाकडे तक्रारी गुदराव्यात. याच कायद्याने सावकारीच्या ओघात बळकावलेली जमीन परत देवविण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला दिला आहे, हे गावाकडच्या नातेवाइकांनाही कळवावे. आणि गाळेवाल्या व फेरीवाल्या स्त्रियांची स्वतःची पतसंस्था उभी करावी.

हे काम रटाळ आहे; त्यात घोडे नाहीत की बंदुका नाहीत. परंतु सावकाराला उपरती होण्याची वाट पाहत सुप्याचे शेतकरी घरी बसले असते, तर १८७९ चा कायदाही आला नसता.