चित्रपटाची प्रत कुणाकडे?

‘शोले’ ज्यांनी चित्रपटगृहात पाहिला, त्यांना त्याचा शेवट पाठ आहे. ऐन वेळी पोलीस येतात आणि ठाकूर गब्बरला त्यांच्या हवाली करतो. रमेश सिप्पी यांनी मुळात चित्रित केलेला शेवट वेगळा होता. त्यात ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरचा जीव घेतो. साल १९७५, दिवस आणीबाणीचे. निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेणे सेन्सॉरला रुचले नाही आणि शेवट बदलावा लागला. मूळ २०४ मिनिटांची आवृत्ती लोकांच्या हाती आली ती १९९०मध्ये, ब्रिटनमध्ये निघालेल्या व्हीएचएस कॅसेटवर. पुढे ती डीव्हीडीवर आली. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जीर्णोद्धार केलेला ‘शोले’ २०२५मध्ये मूळ शेवटासह मोठ्या पडद्यावर दाखवला गेला. त्याआधीची पस्तीस वर्षे तो शेवट टिकून राहिला तो लोकांच्या कपाटांतल्या कॅसेटींत आणि डिस्कमध्ये.

घरी चित्रपट पाहण्याच्या साधनांची तुलना निघाली की बोलणे लगेच चित्राच्या स्पष्टतेवर जाते. किती रेषा, किती पिक्सेल, आवाज किती स्पीकरांतून. ही तुलना करायलाच हवी. मात्र बाजारातली एकही लढाई केवळ स्पष्टतेवर जिंकली गेलेली नाही, आणि आज जे हातचे निसटते आहे त्याचाही स्पष्टतेशी संबंध थोडाच आहे. निसटते आहे ती प्रत.

सोनीने १९७५मध्ये बीटामॅक्स आणले, जेव्हीसीने पुढच्याच वर्षी व्हीएचएस. बीटामॅक्सचे चित्र किंचित सरस मानले जाई, पण त्याच्या सुरुवातीच्या कॅसेटवर एकच तास मावायचा आणि व्हीएचएसवर दोन. तासाभरात चित्रपट बसत नाही, हे कळायला ग्राहकाला तंत्रज्ञ असण्याची गरज नव्हती. शिवाय जेव्हीसीने आपले तंत्र इतर कंपन्यांना वापरू दिले, त्यामुळे यंत्रे अनेक नावांनी आणि स्वस्तात मिळू लागली. भारतातल्या पाल पद्धतीत ई-१८० ही कॅसेट पूर्ण तीन तास चालायची. हिंदी चित्रपटाच्या अंगाला ती मापून शिवल्यासारखी होती.

१९८२च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने आपल्याकडे रंगीत टीव्ही आला आणि त्याच्या मागोमाग व्हीसीआरही पसरला. तो विकत घेणे फार थोड्यांना परवडे. मग वर्गणी काढून एका रात्रीपुरता टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा, सोबत तीन कॅसेटी, आणि चाळीच्या गॅलरीत नाहीतर वाड्याच्या चौकात सतरंज्या टाकून पहाटेपर्यंत सगळ्यांनी बसायचे. चित्रावरून पांढरे पट्टे धावू लागले की एखादा जाणता पुढे होऊन ट्रॅकिंगचे बटण फिरवायचा. तेवढ्याने भागले नाही तर झाकण उघडून, स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडाने अलगद हेड पुसायचा, आणि तोवर सगळी मंडळी श्वास रोखून त्याच्या हाताकडे बघत असायची. मुंबईत १९६२मध्ये पुस्तके फिरती ठेवणारी लायब्ररी म्हणून सुरू झालेल्या शेमारूने १९७९मध्ये व्हिडिओ कॅसेटी भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. पुस्तकासारखा चित्रपटही घरी न्यावा, पाहावा आणि परत करावा, ही सवय तिथून पुढे गल्लोगल्लीच्या व्हिडिओ लायब्ऱ्यांनी लावली.

चित्रपट कंपन्यांना या सगळ्याची धडकी भरली होती. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल आणि डिस्नेने सोनीला कोर्टात खेचले. १९८४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने निकाल दिला, की टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी टेप करून ठेवणे हा कॉपीराइटचा भंग नाही. प्रेक्षकाकडे प्रत असू शकते, हे तिथे कायद्याने मान्य झाले. ज्या कॅसेटची भीती घातली जात होती, तिच्याच विक्रीतून आणि भाड्यातून पुढे स्टुडिओंच्या तिजोऱ्या भरल्या.

यानंतरचा विजेता तर चित्राच्या बाबतीत पायरीभरही वर चढला नव्हता. १९९३मध्ये आलेल्या व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ पिक्सेलचे, म्हणजे पुढे आलेल्या डीव्हीडीच्या जेमतेम पाव. मारामारीच्या दृश्यात त्याचे चौकोन व्हायचे. एका डिस्कवर ७४ मिनिटे मावत असल्याने ऐन रंगात उठून दुसरी डिस्क घालावी लागे. अमेरिकेत व्हीसीडी रुजली नाही. भारत, चीन आणि आग्नेय आशियात मात्र ती घरोघर पोहोचली, कारण प्लेअर स्वस्त होता, डिस्क छापणे त्याहून स्वस्त होते, आणि पावसाळ्यात टेपवर धरते तशी बुरशी तिच्यावर धरत नसे. मराठी नाटकांचे चित्रीकरण व्हीसीडीवर निघू लागले, तेव्हा ज्या गावांत नाटकाची बस कधीच येत नव्हती तिथल्या घरांत नाटक गेले. परदेशी निघालेल्यांच्या बॅगेत लोणच्या-मसाल्यांसोबत या डिस्कही असत. २००७मध्ये मोझर बेअर या भारतीय कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली. रस्त्यावरच्या चोरट्या सीडीशी किमतीत टक्कर देणारी अस्सल डिस्क लोकांनी हौसेने घेतली.

डीव्हीडीने १९९६मध्ये चित्र खरोखर सुधारले, पण कंपन्यांनी जगाचे सहा विभाग पाडून कुलपेही लावली. भारत पाचव्या विभागात आणि अमेरिका पहिल्या. न्यू जर्सीहून भावाने हौसेने पाठवलेली डिस्क पुण्यातल्या प्लेअरवर चालायचीच नाही. २००६मध्ये त्याहून स्पष्ट चित्र देणाऱ्या ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी या डिस्क एकमेकांसमोर उभ्या राहिल्या. जानेवारी २००८मध्ये वॉर्नर या स्टुडिओने ब्लू-रेची बाजू घेतली आणि पुढच्याच महिन्यात तोशिबाने एचडी डीव्हीडी गुंडाळली. ब्लू-रे जिंकली खरी, पण तोवर खरा प्रतिस्पर्धी इंटरनेटच्या वायरीतून घरात शिरला होता. टपालाने डीव्हीडी पाठवणाऱ्या नेटफ्लिक्सने २००७मध्येच स्ट्रीमिंग सुरू केले होते. २९ सप्टेंबर २०२३ रोजी तिने शेवटची डिस्क टपालात टाकली.

आजची तुलना करायची, तर २०१६मध्ये आलेल्या फोर-के ब्लू-रेवर १०० जीबीपर्यंत माहिती मावते आणि ती सेकंदाला शंभर मेगाबिटहून अधिक वेगाने वाचता येते. फोर-के स्ट्रीमिंगसाठी नेटफ्लिक्स १५ मेगाबिटचे कनेक्शन पुरे म्हणते. खोक्यावर आणि ॲपवर शब्द तोच असतो, ‘फोर-के’. फरक दिसतो तो काळोखात. ‘तुंबाड’सारख्या चित्रपटात पाऊस, धुके आणि कंदिलाचा उजेड यांवर सगळी मदार आहे. चित्र दाबून लहान केले की काळ्यातून करड्याकडे जाणारी छटा सलग राहत नाही, तिच्या पट्ट्या पडतात. पावसाच्या सरींचा चिखल होतो. मोबाइलवर हे कळणार नाही, मोठ्या टीव्हीवर दिवे मालवून पाहणाऱ्याला लगेच कळते.

तरीही स्ट्रीमिंग जिंकले आणि ते रास्त आहे. महिन्याच्या वर्गणीत हजारो चित्रपट मिळतात, कपाट लागत नाही आणि चरे पडत नाहीत. जिथे चित्रपटगृह बंद पडले आणि व्हिडिओ लायब्ररी आधीच गेली, त्या तालुक्याच्या गावात इराणी किंवा कोरियन चित्रपट पहिल्यांदाच पोहोचला तो फोनवरून. हे मोल नाकारण्यात अर्थ नाही. पण आजवरच्या प्रत्येक साधनाने प्रेक्षकाला एक प्रत दिली होती, आणि स्ट्रीमिंगने ती देणे थांबवले.

याचे परिणाम दिसू लागले आहेत. ‘अन्नपूर्णी’ हा तमिळ चित्रपट वादानंतर जानेवारी २०२४मध्ये नेटफ्लिक्सवरून उतरवला गेला. चित्रपट बरा की वाईट हे ठरवण्याची सोयही त्यासोबत गेली. डिस्नेची ‘विलो’ ही मालिका नोव्हेंबर २०२२मध्ये आली आणि मे २०२३मध्ये, खर्च कमी करण्याच्या धोरणात, काढून टाकली गेली. तिची डिस्क निघालेली नव्हती. प्लेस्टेशनच्या ग्राहकांना डिसेंबर २०२३मध्ये कळवण्यात आले, की त्यांनी पैसे मोजून ‘विकत घेतलेले’ डिस्कव्हरीचे कार्यक्रम आता त्यांच्या संग्रहातून जाणार. ओरड झाल्यावर आणि नवा करार झाल्यावर तो निर्णय मागे घेतला गेला, पण मालकी कुणाची हे त्यातून उघड झाले. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला. ग्राहकाला केवळ परवाना मिळणार असेल तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय दुकानदाराने ‘विकत घ्या’ असे लिहू नये, हा नियम १ जानेवारी २०२५पासून तिथे लागू आहे. असा नियम भारतातही व्हायला हवा.

दुसरीकडे डिस्कचा संसार आटतो आहे. मुंबईच्या काळा घोड्यावरचे ऱ्हिदम हाउस हे दुकान २०१६मध्ये बंद झाले. त्याच वर्षी जपानच्या फुनाईने सुटे भाग मिळेनासे झाल्याने व्हीएचएसचे यंत्र बनवणे थांबवले. मोझर बेअर २०१८मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली अवसायनात गेली. सॅमसंगने २०१९मध्ये अमेरिकी बाजारासाठी नवे ब्लू-रे प्लेअर आणणे सोडून दिले. अमेरिकेतल्या बेस्ट बायच्या दुकानांतून २०२४मध्ये डिस्क हद्दपार झाल्या.

पण आटणे म्हणजे संपणे नव्हे. नोव्हेंबर २०२३मध्ये ‘ओपनहायमर’ची फोर-के डिस्क बाजारात आली आणि पहिल्याच आठवड्यात अनेक दुकानांतून संपली. कोणतीही स्ट्रीमिंग सेवा हिरावून नेऊ शकणार नाही अशी प्रत लोकांनी घरी ठेवावी, असे त्याचे दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन यांनी डिस्क येण्याआधी सांगितले होते. क्रायटेरियन ही अमेरिकी संस्था १९८४पासून, म्हणजे लेझरडिस्कच्या काळापासून, जुने चित्रपट स्वच्छ करून, अभ्यासकांच्या टिप्पणीसह काढते आहे आणि आजही तिला ग्राहक आहेत. १९९३च्या लंडनमधल्या आगीत सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. जळक्या फितीतून फ्रेमफ्रेम वाचवून ती पुन्हा उभी केली गेली आणि क्रायटेरियनने तिच्या डिस्क काढल्या. संगीतात हेच घडले. अमेरिकेत २०२२मध्ये विनाइलच्या तबकड्या सीडींपेक्षा जास्त विकल्या गेल्या, आणि १९८७नंतर असे पहिल्यांदाच झाले. डिस्कचे भवितव्य याच वाटेवर दिसते. कमी प्रती, चांगली छपाई, जास्त किंमत आणि जपून ठेवणारा ग्राहक.

डिस्क अमर आहे असे मात्र कुणी समजू नये. वॉर्नर ब्रदर्सच्या २००६ ते २००८ या काळात छापलेल्या काही डीव्हीडी आतून खराब झाल्याचे २०२५मध्ये कंपनीला मान्य करावे लागले. कारखान्यात छापलेल्या डिस्कमध्ये माहितीचे खड्डे प्लास्टिकमध्येच उमटवलेले असतात. घरच्या किंवा स्टुडिओच्या संगणकावर ‘राइट’ केलेल्या डिस्कवर ती रंगाच्या पातळ थरात लिहिलेली असते, आणि हा थर ऊन व दमट हवेत लवकर विटतो. महाराष्ट्रातल्या लाखो लग्नांच्या आणि मुंजींच्या डीव्हीडी या दुसऱ्या प्रकारच्या आहेत, आणि त्याआधीच्या समारंभांच्या कॅसेटी त्याहून नाजूक. व्हीसीआर चालू स्थितीत ठेवणारे कारागीर अजून शहरांत सापडतात, तोवर त्या हार्ड डिस्कवर उतरवून दोन ठिकाणी ठेवाव्यात. आजी-आजोबांचे चालते-बोलते चित्र बहुतेक घरांत दुसरीकडे कुठेही नाही.

मराठी चित्रपटांचे दुखणे याहून मोठे आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आज अपुराच उरला आहे. २००३मध्ये पुण्यात जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या गोदामाला आग लागून नायट्रेट फितींवरचे अनमोल चित्रपट जळाले. ‘संत तुकाराम’सारखे प्रभातचे चित्रपट पुढच्या पिढीने पाहिले, त्यात व्हीसीडी-डीव्हीडींचा वाटा मोठा आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला २०२०मध्ये व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळाला. घरी तो पाहायचा तर वाट नेटफ्लिक्सवरून जाते, आणि ही वाट कंपनीच्या कराराइतकीच लांब आहे.

पुस्तकांसाठी देशात १९५४पासून कायदा आहे. प्रकाशकाने ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. मुंबईत ती एशियाटिक सोसायटीच्या इमारतीतल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जाते. तिथे बसून वाचकाला ते पुस्तक मागता येते. मराठी चित्रपट पाहू इच्छिणाऱ्या सामान्य माणसाला असा हक्काचा काउंटर नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय जतनाचे आणि अभ्यासकांचे काम करते, पण कोल्हापूर-नांदेडच्या विद्यार्थ्याला ते लांब पडते.

यावर उपाय राज्य सरकारच्या हातात आहे. सरकार दर्जेदार मराठी चित्रपटांना अनुदान देते. त्या अनुदानाला दोन अटी जोडाव्यात. पहिली, चित्रपटाची उत्तम दर्जाची डिजिटल प्रत पुण्याच्या संग्रहालयात जमा करावी. दुसरी, इंग्रजी उपशीर्षकांसह छापलेल्या काही शे ब्लू-रे डिस्क काढाव्यात आणि त्यातल्या काही डिस्क जिल्हा ग्रंथालयांना द्याव्यात. उरलेल्या विक्रीला ठेवल्या तर अमेरिकेतल्या बे एरियापासून दुबईपर्यंतची महाराष्ट्र मंडळे आणि चित्रपटवेडे त्या घेतील. यासाठी नवा कायदा नको, शासन निर्णयात दोन कलमांची भर पुरे. जिल्हा ग्रंथालयांसाठी प्लेअरची खरेदी मात्र याच अर्थसंकल्पात करावी लागेल, कारण ते बनवणाऱ्या कंपन्या दरवर्षी कमी होत आहेत.