कपाटात कोंडलेला संगणक

आमच्या अकोल्यात कूलर म्हटले की खिडकीत बसवलेली पत्र्याची पेटी आणि तिची रात्रभर चाललेली घरघर डोळ्यांपुढे येते. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की त्या पेटीशिवाय झोप नाही. या उन्हाळ्यात मात्र आमच्या घरात दुसऱ्याच कूलरवरून वाद झाला.

आमचे साहेबजादे बारावीची परीक्षा देऊन मोकळे झाले होते. त्यांच्या मामूंनी आपला जुना, गेम खेळण्याचा संगणक त्यांना दिला. इशाची नमाज आणि जेवण झाले की ते खेळायला बसत. दहा मिनिटांत संगणकातून अशी घूंघूं सुरू होई की शेजारच्या खोलीत झोपलेल्या अम्मी उठून बसत. अम्मींचे वय अठ्ठ्याहत्तर, झोप आधीच तुटक, आणि फजरला तर उठायचेच. "घरात पिठाची गिरणी कोणी आणली?" असे त्यांनी दोनदा विचारले.

तिसऱ्या रात्री आम्ही संगणक उचलून टीव्हीखालच्या लाकडी कपाटात ठेवला, वायरींपुरती फट सोडून दोन्ही दारे लावली आणि आवाज कोंडला म्हणून समाधानाने आडवे झालो. पंधरा मिनिटांत आवाज पूर्वीपेक्षा वाढला आणि खेळही अडखळू लागला. साहेबजादे म्हणाले, "अब्बा, त्याला हवाच मिळत नाहीये." आम्ही रागाच्या भरात बोलून गेलो, "मग विकून टाका!" ते काही न बोलता उठले. पुढचे दोन दिवस दस्तरखानावर हूं-हां पलीकडे बोलणे झाले नाही.

आम्ही उर्दू-मराठी शिकवणारे. विज्ञानाशी आमचा फारसा संबंध नाही. शेवटी आम्हीच नमते घेतले. मुलाला शिक्षक केले, स्वतः विद्यार्थी झालो आणि संगणकाची बाजूची झडप उघडून दोघे समोर बसलो. तेव्हा जे कळले ते वाचकांपुढे ठेवत आहोत, कारण असा संगणक आता अनेक घरांत आहे.

खेळाची चित्रे पडद्यावर उमटवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. त्यातली मुख्य चिप डाकेच्या तिकिटाएवढी, पण तिची भूक मोठी. २०१६ साली आलेले एनव्हिडियाचे जीटीएक्स १०८० हे कार्ड १८० वॅटचे होते. २०२० चे आरटीएक्स ३०८० हे ३२० वॅटचे आणि २०२२ चे आरटीएक्स ४०९० हे ४५० वॅटचे. हजार वॅटच्या इस्त्रीच्या जवळजवळ निम्मी वीज एका कार्डात! ही वीज जवळपास सगळी शेवटी उष्णताच होते. कूलर ती नाहीशी करत नाही. तो फक्त ती चिपेपासून उचलून हवेच्या स्वाधीन करतो.

उचलण्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. चिपेला टेकलेल्या तांब्याच्या बंद नळ्यांत थोडेसे द्रव असते. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला जाऊन ती पुन्हा द्रव होते आणि उष्णता तिथे सोडते. बिर्याणी दमावर असताना वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि झाकण तापते, तसेच हे. थंड टोकाला ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची दाट रांग असते. पंखे त्या पट्ट्यांतून हवा नेतात.

इथून पुढे कूलरचे दोन मुख्य प्रकार होतात.

पहिला ब्लोअर. यात चहूबाजूंनी बंद आवरण आणि पिंपासारखा एकच पंखा असतो. तो हवा कार्डाच्या लांबीभर ढकलून मागच्या जाळीतून थेट संगणकाबाहेर फेकतो. त्यामुळे कॅबिनेट तापत नाही. कॅबिनेट लहान असेल किंवा कामाच्या संगणकात दोन-तीन कार्डे चिकटून बसवायची असतील, तर हाच सोयीचा. पण सगळा भार एकाच लहान पंख्यावर, म्हणून तो वेगाने फिरतो आणि ओरडतो. एएमडीचे २०१३ चे आर नाइन २९०एक्स हे कार्ड ९५ अंशांपर्यंत तापू देण्याच्या बेतानेच बनवले होते, आणि त्याचा ब्लोअर आवाजासाठी गाजला. त्याआधी २००३ साली एनव्हिडियाच्या एफएक्स ५८०० अल्ट्राचा आवाज इतका बदनाम झाला की कंपनीने स्वतःचीच थट्टा करणारी चित्रफीत काढली. तिच्यात तेच कार्ड पालापाचोळा उडवणाऱ्या यंत्राला जोडलेले दाखवले होते!

दुसरा प्रकार उघड्या कूलरचा. यात दोन किंवा तीन मोठे पंखे हवा थेट पट्ट्यांवर सोडतात. पंखे जास्त, पट्ट्यांची रांग मोठी, म्हणून प्रत्येक पंखा सावकाश फिरला तरी भागते. ढोबळ हिशेब असा : पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो. उलट तसाच आणखी एक पंखा जोडला तर फक्त ३ डेसिबल वाढतात. म्हणजे एका धावणाऱ्या पंख्यापेक्षा तीन चालणारे पंखे बरे. पण या प्रकारात बहुतेक गरम हवा कॅबिनेटमध्येच सांडते. तिला बाहेर काढणे कॅबिनेटच्या पंख्यांकडे.

२०१८ पासून एनव्हिडियानेही गेमसाठीच्या आपल्या मुख्य कार्डांवर ब्लोअर सोडून दोन पंखे बसवले. २०२० च्या आरटीएक्स ३०८० मध्ये तर एक पंखा हवा मागून बाहेर टाकतो आणि दुसरा ती कार्डाच्या आरपार काढतो.

आमच्या संगणकात दोन पंख्यांचा उघडा कूलर निघाला. मग आमची चूक आम्हालाच दिसली. खिडक्या-दारे बंद करून डेझर्ट कूलर लावला तर खोली नुसती दमट होते, हे आम्ही दरवर्षी पाहुण्यांना सांगतो. आणि इथे आम्हीच दारे लावली होती! कार्ड आपलीच गरम हवा पुन्हा आत ओढत होते. तापमान वाढले की पंखे वेग वाढवतात. तेही पुरले नाही की चिप स्वतःला वाचवण्यासाठी काम मंद करते. म्हणून आवाज वाढला आणि खेळ अडखळला.

मग दोघांनी मिळून कामे केली. संगणक कपाटातून काढून स्टुलावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवला. वीज बंद करून ब्रशने आणि हवेच्या पंपाने धूळ काढली. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, नाहीतर हवेच्या झोताने ती भलत्याच वेगाने फिरून खराब होऊ शकतात. कॅबिनेटच्या पुढे हवा आत घेणारा आणि मागे बाहेर टाकणारा पंखा आहे ना, हे पाहिले. पुढचा बंद पडला होता, तो बदलला. पडदा सेकंदाला ६० चित्रेच दाखवू शकतो, म्हणून खेळालाही ६० ची मर्यादा घातली. जास्तीची चित्रे म्हणजे फुकटची उष्णता. कपाटात ८४ अंशांवर गेलेले कार्ड त्याच खेळात ७१ वर थांबले. आमची खोली रात्रीही ३५ अंशांवर असते. खोलीतल्या हवेपेक्षा थंड कोणताही पंखा कार्डाला करू शकत नाही.

नवे कार्ड घेणाऱ्यांनी आधी आपले कॅबिनेट पाहावे. ते ऐसपैस आणि पुढून जाळीचे असेल तर मोठा उघडा कूलर घ्यावा, फक्त लांबी मोजून. अरुंद आणि बंदिस्त असेल तर ब्लोअर चालेल, पण आवाजाची तयारी ठेवावी. एकच चिप वेगवेगळ्या कूलरसह मिळते, तेव्हा नाव आणि किंमत पाहून थांबू नये. हलक्या कामात पंखे पूर्ण थांबतात का, हेही विचारावे.

परवा रात्री साहेबजादे खेळत होते आणि अम्मी शांत झोपल्या होत्या. आवाज होता तो खिडकीतल्या पेटीचा. त्याची अम्मींना तीस वर्षांची सवय आहे.