बशीतलं दूध

जिन्याखाली मांजरीची पिल्लं दिसली की आपल्याकडे पहिली हाक येते, "अगं, बशीत दूध आण!" माझा राग नेमका या दुधावर आहे. डोळे न उघडलेल्या पिल्लाला गायीचं दूध सोसत नाही. जुलाब होतात, आणि एवढ्याशा जिवातलं पाणी संपायला कितीसा वेळ लागतो? पिल्लू गार पडलं असेल तर आधी ऊब, मग दूध. तेही मांजरांसाठी मिळतं ते, कोमट, आणि पिल्लाला पालथं ठेवून. बाळासारखं उताणं धरलं की दूध फुफ्फुसात जायची भीती. पहिल्या आठवड्यात दर २-३ तासांनी, रात्रीसुद्धा! वर ओल्या कापसाने पुसून शी-शू करवायची, कारण एरवी ते काम आईच्या जिभेचं. म्हणूनच पिल्लं उबदार आणि शांत असतील तर उचलू नका, लांबून वाट बघा. कितीदा तरी आई नुसती पोटापाण्यासाठी गेलेली असते.