कालवा फुटल्यावरच जाग?

तिळारीचा कालवा फुटला की बार्देश-पेडण्यातील नळ कोरडे पडतात आणि शासनयंत्रणा खडबडून जागी होते. ऐन वायंगणात शेताला पाणी मिळाले नाही, तर मात्र कोणाचीही झोप मोडत नाही. १९९० साली गोवा व महाराष्ट्र यांच्यात जो करार झाला, तो केवळ नळांसाठी नव्हता. शेती भिजविणे हा त्याचा प्रमुख हेतू होता. गोव्याचा वाटा ७३.३० टक्के ठरला. त्यासाठी दोडामार्ग तालुक्यातील गावांनी आपली घरेदारे पाण्याखाली जाऊ दिली. असे असता लाभक्षेत्रातील शेतजमिनीवर इमारती उठू लागल्या, तर हा त्याग कोणासाठी झाला? या जमिनी राखण्यासाठी १९९७ चा कायदा आहे; त्याला पळवाटा शोधू नयेत. भगदाडे बुजविणे म्हणजे देखभाल नव्हे. पावसाळा सरताच, पाणी सोडण्यापूर्वी, उभय राज्यांच्या अभियंत्यांनी संपूर्ण कालव्याची एकत्र पाहणी करावी आणि पाण्याच्या पाळ्या गावोगावी आगाऊ जाहीर कराव्यात. कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला वेळेवर पाणी मिळेल, तेव्हाच हा प्रकल्प पुरा झाला, असे आम्ही मानू.